कोठीतले तीन ठोके

प्रिय अर्पे,

तुझा मेल पोचला. आपल्या कोठीच्या खोलीत तू बसवलेल्या भूकंपमापकावर रोज पहाटे तीन ठोके उमटतात, एक दिवस खाडा नाही, आज पहाटेही आले, त्यानं विद्यापीठाच्या प्रकल्पाचे आलेख नासतात. तेव्हा ठोकणाऱ्याला आवर, नाहीतर पुढच्या आठवड्यात माणूस पाठवून यंत्र बदनापूरला हलवते, असं तू सख्ख्या भावाला 'महोदय' लिहून कळवलंस. संशोधनाला निधी मिळाला की रक्तही सरकारी होतं म्हणायचं.

आपल्या धावड्याची जमीन पहिल्यांदा पोटातून गुरगुरली, तेव्हा अख्खं गाव अंगणात झोपलं होतं. तहसीलचे साहेब आले, जीपमधूनच 'घाबरू नका' म्हणाले आणि गाडी बंद न करताच गेले. मग तू यंत्र आणलंस. गाव त्याला 'अर्पीचा कान' म्हणतं. "इथं जपून चाला, पाऊलसुद्धा मला तिकडं दिसतं," असं तू बजावलंस, तीच चूक झाली. माय लगेच म्हणाली, "म्हंजे मी उठले का न्हाई ते तुला तिकडं बसून कळतं? मंग फोनचा खर्चा कशाला?" दुसऱ्या दिवसापासून पहाटे तिच्या काठीचे तीन ठोके. लेकीला कळावं, म्हातारी उठली म्हणून. तू फोनवर चिडायचीस. पण ते ठोके पुसायच्या आधी रोज बघायचीस, हे तूच एकदा शीतलला सांगितलंस. वहिनीच्या पोटात काही राहत नाही, हे विसरलीस.

माय गेली. तिची राख आपण शेतात पुरली, वर लिंब लावला. तू परत गेलीस आणि ठोके पुन्हा सुरू झाले. मी एका पहाटे कोठीच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत अण्णा होते. हातात मायचीच काठी. तीनदा ठोकली, मग वाकून फरशीला कान लावला. मला पाहून लाजलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "यंत्राला जमिनीतलं ऐकू येतं ना? ती बी आता जमिनीतच हाय. मी बोलून राह्यलो. उत्तर आलं तर अर्पीला बराबर दिसंल." जन्मभर लोकांच्या टोप्या उडवल्या मी, पण तेव्हा दार हळूच ओढून घेऊन परत फिरलो. तुला कळवलं नाही, कारण तुझ्या अहवालात बापाचं नाव 'मानवी गोंगाट' असं लागलं असतं.

आता हे फोनवर न बोलता लिहितोय का, ते सांगतो. पोळा झाला आणि अण्णांना निमोनियानं धरलं. तेव्हापासून आम्ही जालन्याला दवाखान्यात आहोत; पोरीच्या कामात खोडा नको म्हणून त्यांनीच तुला कळवू दिलं नाही. ताप उतरलाय, घाबरू नकोस. शीतलही इथंच आहे. मायची काठी अण्णांच्या उशाशी आहे, सिस्टर तिच्यावरून रोज भांडते. घराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या खिशात. आणि तू लिहितेस, एक दिवस खाडा नाही, आज पहाटेही आले. अर्पे, तुझा मेल मी अण्णांना वाचून दाखवलेला नाही; फोनवर बोललो असतो तर त्यांना ऐकू गेलं असतं. माणूस पाठवू नकोस, तूच ये. ठोके अजून पुसले नसशील तर राहू दे. उत्तर आलं का, हे अण्णा तुलाच विचारणार आहेत, आणि तुला खोटं बोलता येत नाही.

तू येईपर्यंत कुलूप न उघडणारा,
तुझाच,
आदिनाथ