अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

१८ एप्रिल, गुरुवार

आले एकदाची! आर्वीचं घर बंद केलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि दोन पेट्या, एक कुरडयांचा डबा घेऊन सकाळच्या एसटीने वर्ध्याला उतरले. मिहिर स्टँडवर हजर होताच. सिंदी मेघेतलं त्याचं घर मी वास्तूच्या दिवशी पाहिलं होतं तेवढंच. आता कायमची राहायला आले आहे. मुख्याध्यापिकेची खुर्ची सुटली, हे तर आधीच गेले. आता मी आणि माझी नात.

घर छान आहे. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माझी वेगळी खोली. अंगणातून लोखंडी जिना वर जातो, वर गच्ची आणि एक ऐसपैस खोली. त्या खोलीत माझ्या सुनेची, लीनाची आई राहते. पौर्णिमाबाई. मूळच्या पुलगावच्या. इलाच्या जन्माच्या वेळी बाळंतपणाला म्हणून आल्या त्या आल्याच. इला आता पहिलीत जाईल. मिहिर आणि लीना दोघंही सेवाग्रामला दवाखान्यात नोकरीला, तेव्हा पोरीजवळ कोणीतरी लागणारच होतं, हे मलाही कळतं.

इला धावत येऊन पाया पडली. मला ती ‘आर्वीची आजी’ म्हणते. पौर्णिमाबाईंना नुसतं ‘आजी’. गाव लागलं ते माझ्याच नावाला. असो, पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करायचं नाही असं ठरवलं आहे.

२१ एप्रिल, रविवार

ऊन मी म्हणतंय. मिहिरने माझ्या खोलीत नवा कूलर आणला. प्लास्टिकचा, गुटगुटीत, वारा फुंकर घातल्याएवढा. वर मात्र पत्र्याचा दांडगा कूलर आहे. जिन्याच्या माथ्यावर लोखंडी स्टँडवर ठेवलेला, कठड्याला अगदी खेटून. दुपारी जेवणं झाली की इला उशी घेऊन वर पळते आणि विहीणबाईंच्या कुशीत झोपते.

मी तिच्यासाठी बेसनाचे लाडू आणले होते. एक उष्टा करून ठेवला. विहीणबाईंनी साधं पन्हं केलं तर दोन पेले प्यायली. त्यात काय एवढं असतं? मी पिऊन पाहिलं. गूळ जास्त झाला होता.

मला जळफळाट होतो. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, पण इथे लिहायला काय हरकत आहे!

२८ एप्रिल, रविवार

काल संध्याकाळी वावटळ आली आणि वायरी हेलकावल्या. घरातले दिवे एकदम भगभगले, मग मिणमिणले. मीटरजवळ जळका वास. मिहिरने गल्लीतल्या हेमराज वायरमनला बोलावलं. त्याने पाहून सांगितलं की मीटरपाशी न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर जळली आहे. ते काम वीजवाल्यांचं. पण रविवारी कोण येतंय? म्हणून त्याने इकडे सगळे करतात तेच केलं, अर्थिंगमधून न्यूट्रल काढून दिलं. “दोन दिवस चालून जाते जी भाऊ, काई नाई होत. फक्त खड्ड्यात पाणी टाकत राह्यजो,” असं म्हणाला. दिवे लागले, कूलर फिरले, आणि तक्रार करायची ती सगळे विसरले.

अर्थिंगचा खड्डा नळाजवळच आहे. कोळसा आणि मीठ घालून बुजवलेला, वर पाइपचं तोंड. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायची पद्धत आर्वीलाही आहेच.

३ मे, शुक्रवार

खड्ड्यात पाणी विहीणबाई घालत होत्या. त्यावरून काल जेवताना मिहिर म्हणाला की आई घर अगदी सांभाळून ठेवतात. आई! मी समोर बसलेली असताना!

आज पहाटेच उठून खड्ड्यात दोन बादल्या ओतून आले. विहीणबाई आल्या तेव्हा त्यांना गोड शब्दांत सांगितलं की यापुढे हे काम माझं, तुम्ही जिना चढून-उतरून दमता. त्या हसून म्हणाल्या, “बरं झालं जी विहीणबाई, माह्ये गुडघे सुटले.” यांना कशाचं वाईटच वाटत नाही. त्याचाही मला राग येतो.

८ मे, बुधवार

आज जे केलं ते लिहू की नको, असं बराच वेळ चाललं होतं.

दुपारी शेजारच्या तक्रारीवर वीजवाल्यांचा रुपेश नावाचा लाइनमन आला होता. आमचं मीटर त्याच्या नजरेस पडलं. विहीणबाई आणि इला वर झोपल्या होत्या, खाली मी एकटीच होते. त्याने हेमराजची वायर पाहिली आणि कपाळावर हात मारला. मला उभं करून नीट समजावलं. घरातून परत जाणारा सगळा करंट आता अर्थिंगमधून जमिनीत जातो आहे. खड्डा सुकला की तोच करंट लोखंडात उतरेल. कूलर, जिना, मेन स्विचचा डबा, सगळ्यात. तो म्हणाला, मीटरपर्यंतचं काम आमचं, त्यापुढचं तुमचं. तुमच्या वायरमनने आधी ही वायर काढायची, मुलाने ऑफिसात तक्रार द्यायची, मग मी येऊन न्यूट्रल जोडतो. तोवर लाइन बंद. त्याने स्वतःच मेन स्विच खाली ओढला आणि बजावलं, “काकू, घरातल्या एकूण एकाले सांगजा. आता तुमाले माहीत झालं, म्हणजे सांगायचं काम तुमचं.”

मी सांगणारच होते. पण पंखे थांबले तशा विहीणबाई घामाघूम होऊन खाली आल्या. पोर उन्हाने हैराण झाली, लाइन येईस्तोवर तिला पुलगावला नेते, म्हणाल्या. त्यांच्या मुलाकडे. सुट्टी लागलीच आहे, तर राहील महिनाभर. इला टाळ्या पिटत नाचायला लागली. पुलगाव, पुलगाव!

मी एवढी घरदार सोडून आले ती काय रिकाम्या भिंतींशी बोलायला?

मी म्हणाले, कुठे जाता, लाइनमन दुरुस्त करून गेला की. त्याने मला स्विच वर करायला सांगितलं आहे. आणि गेले, आणि केला वर. माझ्या हाताने. वरचा कूलर घरघरला. इला हिरमुसली, पण राहिली.

मिहिरला उद्या सांगेन.

१२ मे, रविवार

सांगितलं नाही. रोज सकाळी मनाशी वाक्य जुळवते. पण सांगायचं म्हणजे आधी मी खोटं बोलले हे सांगायला हवं, आणि ते विहीणबाईंच्या देखत. त्या मला एका शब्दानेही बोलणार नाहीत. मग इला त्यांच्याकडे बघेल आणि माझ्याकडे बघेल. ते मला सोसणार नाही.

त्यापेक्षा खड्डा ओला ठेवणं सोपं आहे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पाणी घातलं की नळाला हात लावून पाहते. काही लागत नाही. म्हणजे ठीक आहे. इलाला दुपारी खालीच ठेवायचा प्रयत्न करते. गोष्टी सांगते, पत्ते मांडते. जिन्याला हात लावायचा नाही, गंज लागतो, असं सांगितलं आहे. ती हसते आणि कठड्याला धरूनच वर पळते.

१५ मे, बुधवार

खड्डा फार पाणी पितो. ओतलं की गटगट असा आवाज येतो आणि कोळसा पुन्हा कोरडा. आज कपडे वाळत घालताना जिन्याला बांधलेल्या तारेला हात लागला तर मुंग्या आल्या. माझे हात ओले होते म्हणून असेल.

विहीणबाईंनी विचारलं की, दिवसभर त्या खड्ड्यापाशी काऊन बसून राह्यता? मी म्हणाले, गार वाटतं.

एक विचार मनात आला होता. त्यांना एक झटका बसावा. लहानसा. घाबरतील आणि आपल्या पायांनी पुलगावला जातील, एकट्या. हो, आला होता. लिहून टाकते.

१८ मे, शनिवार

जिन्याखाली मांजर मरून पडलं आहे. कूलरचं पाणी ठिबकतं तिथेच, प्यायला आलं असेल. तोंड जिन्याच्या पायरीला टेकलेलं, दात दिसत होते. लीना म्हणाली, उन्हाने. मिहिर म्हणाला, उन्हाने. विहीणबाईंनी हळहळून त्याला गोणपाटात गुंडाळलं आणि कुंपणाबाहेर पुरलं.

मी मान हलवली. उन्हाने.

सगळ्यांच्या नकळत खड्ड्यात पाणी ओतलं. पुन्हा ओतलं.

२० मे, सोमवार

नळ आले नाहीत. म्हणे पाइपलाइन फुटली आहे, कधी येतील ठाऊक नाही. टाकीत तळाशी थोडं आहे. भांडी घासलेलं पाणी खड्ड्यात. आंघोळ टाळली. पिण्याच्या माठातलंही —

आज फ्रिजला हात लावला तर झणझण झाली.

आता मला त्या करंटचा आवाज येतो. जिना हळू गुणगुणतो. कोणाला ऐकू येत नाही. मीच एकटी थांबून ऐकते.

२२ मे, बुधवार

मिहिरला सांगायला गेले. तोंड उघडलं. तेवढ्यात इला येऊन म्हणाली, आजीने मला झोपाळा बांधून दिला. जिन्याला. मी काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही. झोपाळा ओढून काढला. पोर रडली. मिहिरने लीनाकडे पाहिलं. लीना मला शांतपणे म्हणाली की आई, तुम्हाला माझ्या आईचं काहीच सहन होत नाही का?

नाही होत. पण हे ते नव्हतं. आता हे कोणाला पटणार?

एक बादली पाणी दडवून ठेवलं आहे, मोरीत, पाटाखाली. उद्यासाठी.

२३ मे

अर्धी बादली ओतली. अर्धी ठेवली. नळ नाहीत.

खड्डा कोरडा दिसतो. बघू नये.

२४ मे, शुक्रवार, दुपार

पाटाखालची बादली नाही. विहीणबाईंनी नेली. विचारलं तर म्हणाल्या, पोरगी उकाड्यानं तळमळून राह्यली होती, कूलर कोरडा होता, तुमची बादली दिसली, टाकलं त्याच्यात पाणी. जिन्याने नेताना हिंदकळलं, पायऱ्या ओल्या आहेत, जपून येजा, एवढंही सांगितलं. मग गेल्या निजायला, माझ्यासमोर, ओल्या जिन्याने. तेव्हा झटका नाही लागला, रबरी चपला होत्या पायांत. मी तेव्हाही बोलले नाही.

आता दोघी वर झोपल्या आहेत. झोपल्या आहेत तोवर ठीक. हाक मारली तर उठून खाली येतील.

मेन बंद करायला गेले. डब्याला बोट लागताच हात फेकला गेला. खांद्यापर्यंत बधिर आहे. मी वर केलेला स्विच आता मलाच खाली करता येत नाही.

मिहिर फोन उचलत नाही. लीनाही. पुन्हा लावते —

नाही.

रबरी चपला घातल्या आहेत. लाकडी लाटणं घेतलं आहे. त्याने ओढते. आधी एवढं लिहून ठेवते, मला काही झालं तर घरात कोणाला कळणारच नाही, आणि वरच्या दोघी उठून तशाच खाली उतरतील. मिहिर, अर्थिंगमधून न्यूट्रल घेतलं आहे. लाइन बंद कर, मगच हात लाव. लाइनमनने मला सांगितलं होतं. पौर्णिमाबाईंना काहीही माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही. सांगायचं काम माझं —

वर दार वाजलं.

इला उठली वाटतं. हाक मारते आहे. आजी, आजी म्हणून. पौर्णिमाबाई तिथेच तर आहेत, मग खाली तोंड करून कशाला —

मला. मला हाक मारते आहे. आर्वीची नाही, नुसतं आजी. खाली येते आहे माझ्याकडे, अनवाणी, कठड्याला ह