बुटक्या बगळ्याचा आवाज

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (यापुढे आणखी काही अक्षरं असतील, तर ती शिकवली त्या दिवशी मी वर्गाबाहेर होतो.)

बोटी रंगवायचं काम सोडलं. कपाळावर हात मारून झाला असेल तर पुढचं वाच. आता मी एका सिनेमाच्या स्टुडिओत आहे, आणि सिनेमा कुठला सांगू? 'बुटका बगळा'! आपल्या बाबांचा! पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं ते तेरा भागांचं कार्टून आता नव्यानं, अडीच तासांचं, अगदी खऱ्यासारखं करतायत. किती खऱ्यासारखं, तर एकेका पिसावर चर्चा होते. पायांवरून तर तीन आठवडे भांडण चाललंय. कार्टूनमध्ये आखूड पायांचा बगळा गोड दिसायचा. खऱ्यासारखा केला की त्याला उचलून दवाखान्यात न्यावंसं वाटतं. पाय लांब करावेत, तर मग बुटका कसला! इथला जिनाही गमतीदार आहे, दर मजल्याला पायरीची उंची वेगळी. पण ते राहू दे.

माझं काम म्हणजे कानाला हेडफोन लावून जुन्या ध्वनिफिती ऐकायच्या आणि कोण कधी बोललं याची यादी करायची. आमचे साउंडवाले साहेब आहेत, त्यांना सगळे कानसेन म्हणतात. ते बगळ्याचा जुना आवाज यंत्राला शिकवणार आणि त्याच आवाजात नवे संवाद म्हणवून घेणार. लहानपणी तो आवाज बाबांनी दिलेला, म्हणून त्यांची सही लागते. संमतीपत्र सोबत आहे. 'तेराही भागांतला आवाज माझाच' असं त्यात छापलंय, खाली सही केली की झालं. मी कॉलेज सोडल्यापासून दोन वर्षं ते माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून तुला मध्ये घालतोय. तुझ्यावर फार तर डाफरतील.

फोन करत नाही, कारण गुपित फुटू नये म्हणून इथे गेटवरच फोन काढून घेतात. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस!

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढलाच तर माझी तक्रार नाही.

तुझा,
भिंगऱ्या

---

११ फेब्रुवारी

चि. भिंगऱ्यास,
अ. उ. आ.

बोटींचं काम सोडलंस हे वाचून कपाळावर हात मारला नाही. आधीच्या चार नोकऱ्यांना मारून मारून कपाळ दुखतंय.

तुझा कागद दोन दिवस पिशवीत घेऊन फिरले, मग दादाच्या दुकानात गेले. चष्म्यांचं दुकान जोरात आहे. एक पोरगं डोळे तपासून घ्यायला तयार नव्हतं, भोकाड पसरून बसलेलं. दादानं नेहमीप्रमाणे बगळ्याच्या सुरात "मी बुटका नाही, पाणी खोल आहे!" म्हटलं आणि ते खुदकन हसून खुर्चीत बसलं. अख्ख्या गावातली पोरं चष्म्याला त्याच्याकडेच येतात, ती या एका वाक्यामुळे. दारावरच्या पाटीवरही बगळा आहेच.

कागद वाचून त्यानं शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून दाखवला. सही करताना पेन दोनदा झटकलं. पेनात शाई भरपूर होती. तुझ्याबद्दल काही विचारलं नाही, फक्त तिथे थंडी किती असते एवढं विचारलं. म्हणजे विचारलंच, असं धर.

सही केलेला कागद सोबत आहे. आता जास्त खोलात शिरू नकोस, काम कर.

पत्र लिहीत जा, नाहीतर माया पातळ होते.

तुझी,
आत्या

---

२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इकडे घोळ झालाय. कानसेननी सगळ्या फिती यंत्राला ऐकवल्या आणि यंत्रानं बगळ्याच्या आवाजाचे दोन ढीग केले. पहिले तीन भाग एका ढिगात, चौथ्यापासून तेराव्यापर्यंत दुसऱ्या. यंत्राचं म्हणणं, ही दोन वेगळी मुलं आहेत. मी हसलो. म्हटलं, यंत्राला आमच्या घरचं काय माहीत! मग कानसेननी मला दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकवले. आत्या, मला हसू आलं नाही. दुसरा आवाज 'पाणी' म्हणताना 'णी' जरा वर उचलतो. असं बोलणारं एकच माणूस मला माहीत आहे, आणि ते लहानपणी मला "पाणी पिऊन जा रे" म्हणून गल्लीभर हाका मारायचं.

बगळा गळ्यापर्यंत डबक्यात पडतो आणि सगळे त्याला हसतात, तेव्हाचं ते 'पाणी खोल आहे'वालं वाक्य पाचव्या भागात आहे. म्हणजे दुसऱ्या ढिगात.

कानसेन अजून गप्प आहेत. पण ज्याचा आवाज त्याची सही नसेल तर दहा भाग बाद होतील आणि नवीन मुलगा आणतील. खबरदारी म्हणून आत्तापासूनच रोज चाळीस मुलं येऊन ओरडून जातात, एकाचा काल घसा बसला, त्याची आई आमच्या शिपायावरच चिडली. ते जाऊ दे. मुख्य म्हणजे बाबांनी तेराही भाग माझेच असं लिहून दिलंय. आणि सिनेमाच्या पहिल्या खेळाला त्यांना स्टेजवर उभं करायचं ठरतंय.

खरं काय ते तूच सांग.

रागावलीस तरी लोभ चालू ठेव.

भिंगऱ्या

---

६ मार्च

चि. भिंगऱ्यास,
अ. उ. आ.

रागावले नाही. यंत्राचा मात्र राग आला. पंचेचाळीस वर्षांत कार्टून बघणाऱ्या एकाही माणसाला कळलं नाही, ते या डब्याला बरं कळलं.

तेव्हा दादा बारा वर्षांचा, मी दहाची. आमची आई त्या स्टुडिओच्या कँटीनमध्ये चहा करायची, तिथेच दादाची निवड झाली होती. तीन भाग झाले आणि त्याचा आवाज फुटला. सकाळी बगळा, दुपारी बैल. दुसरा मुलगा आणतील या भीतीनं आईनं माझे केस कापले, त्याचा शर्ट मला चढवला आणि माइकसमोर उभं केलं. दिग्दर्शक काचेपलीकडे डोळे मिटून ऐकायचे. आम्हा दोघांचा आवाज तसाही सारखाच होता. रेकॉर्डिंग करणाऱ्याला कळलं असणार, पण तो आईच्या चहाला जागला. मला भरभर वाचता यायचं नाही, म्हणून दादा शेजारी स्टुलावर बसून पानं उलटायचा, अडलं की कानात वाक्य सांगायचा आणि वेळेवर बोलावं म्हणून दंडाला चिमटा काढायचा. दहा भागांचे चिमटे! हात निळा झाला होता.

नाव त्याचं लागलं. शाळेत तो हिरो झाला आणि मी केस वाढायची वाट बघत बसले. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणत नाही. पण पुढे माझी नोकरी झाली, माझं माझं चाललं. दादाचं सगळं त्या बगळ्यावर उभं आहे रे. लोक त्याला चष्मेवाला म्हणत नाहीत, बगळेकाका म्हणतात. आता साठीला टेकलेल्या माणसाला चारचौघांत खोटा पाडायचं?

मी सही करणार नाही. माझी सही म्हणजे त्याची फजिती. आणू देत नवीन मुलगा. तू तोंड बंद ठेव आणि हे पत्र फाडून टाक.

एवढं ऐकलंस तर माझ्या लेखी तू शहाणा.

आत्या

---

१२ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

दोन वर्षांनी लिहितोय, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते सुचत नाही. म्हणून शेवटापासून सांगतो. यंत्राला दोन आवाज सापडले. दुसरा कोणाचा ते मला कळलंय. आत्यानं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि मी आयुष्यात एकदा तरी तिचं ऐकणार होतो. पण दोन आवाजांची गोष्ट कानसेनना वर कळवावी लागली, आणि एक तारखेला कंपनीचा वकील तुमच्या दुकानात विचारपूस करायला येणार आहे. गिऱ्हाइकांसमोर त्याच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

कोरी संमतीपत्रं दोन पाठवतोय. एक पहिल्या तीन भागांचं, एक उरलेल्या दहांचं. भरायची की नाही ते तुमच्यावर. नाही भरलीत तरी मी इथे तोंड उघडणार नाही, वाटल्यास नोकरी सोडीन. मला त्याची सवय आहे.

इथे थंडी बेताची असते.

तुमचा,
भिंगऱ्या

---

२० मार्च

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या चालल्यासारखं.

मी खोटं लिहून दिलं, ते मला सही करताना माहीत होतं. आधी गंमत म्हणून कोणाला सांगितलं नाही, मग दुकान चालतं म्हणून, मग इतकी वर्षं झाली म्हणून. तुझी आत्या कधी दुकानात असली की ते वाक्य म्हणताना मी तिच्याकडे पाठ करायचो. तिच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटायचं. आता कळतं की आलं होतं.

परवा तिला बोलावून कागद पुढे ठेवला. ती म्हणाली, मरेन पण सही करणार नाही. मी म्हटलं, मर, पण आधी सही कर. खूप वर्षांनी आम्ही असे भांडलो. तेवढ्यात पाणीवाल्याची धाकटी मुलगी चष्म्याची काडी मोडली म्हणून आली आणि मला म्हणाली, बगळेकाका, ओरडा ना. मी सांगून टाकलं की तो आवाज माझा नाही, या आजींचा आहे. मी फक्त पानं उलटत होतो. ती मुलगी आत्याकडे वळून म्हणाली, मग तुम्ही ओरडा. बास, तिला बाकी काही घेणं नव्हतं! तुझी आत्या आधी नाही नाही म्हणाली आणि मग अशी ओरडली की इस्त्रीवाला गरम इस्त्री हातात घेऊन धावत आला. त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, तरीच तुमचा आवाज मला कधी पटला नव्हता. आता हे सांगायला त्याला इतकी वर्षं का लागली, विचारायला हवं होतं.

दोन्ही कागद सह्यांसह पाठवतोय. पहिला खोटा कागद फाड आणि वकिलाला येऊ नको म्हण. पाटीवरचा बगळा उतरवायला गेलो तर आत्यानं शिडी धरायला नकार दिला, त्यामुळे तो आहे तिथेच आहे.

एक गोष्ट तिलाही माहीत नाही. ते प्रसिद्ध वाक्य संहितेत नव्हतं. मी दोन पानं एकदम उलटली, ती अडली, मला पान सापडेना, म्हणून सुचलं ते तिच्या कानात सांगितलं आणि चिमटा काढला. तिला अजून वाटतं ते लिहिलेलंच होतं. आता सांगण्यात अर्थ नाही. मोठेपणा घ्यायला काहीतरी उकरून काढलं असं दिसेल.

तुझ्या कॉलेजबद्दल मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं आहे.

खुशाली कळवत जा.

बाबा

---

२८ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

कागद पोचले. वकील येणार नाही. तो माणूस तसा बरा आहे, त्याच्याकडे तीन मांजरं आहेत. पण आता मुद्द्याचं.

तुमचं पत्र वाचून मी जुनी संहिता काढली. पाचव्या भागात बगळा डबक्यात पडतो आणि नुसतं "वाचवा" म्हणतो. ते वाक्य नाहीच. मी कानसेनना सांगितलं. ते लगेच उठले आणि त्यांनी यंत्र बंद करून मूळ फीत लावली. वाक्याच्या आधी जरा खरखर आहे. यंत्रानं ती घाण समजून पुसून टाकली होती. कानसेननी आवाज वाढवला. एक फुटक्या आवाजाचा मुलगा घाईघाईत कुजबुजतो, अख्खं वाक्य, आणि मग आत्याचा आवाज येतो. आम्ही सहा वेळा ऐकलं. चिमटा ऐकू येत नाही, पण आत्याचा 'मी' जरा किंचाळल्यासारखा आहे, तो त्याचाच असणार.

आता ठरलंय असं. सिनेमाभर यंत्राचा आवाज, पण त्या एका वाक्याला मूळ फीतच वाजणार, तुमच्या कुजबुजीसकट. पडद्यावर दोघांची नावं येतील. तुमच्या नावापुढे काय काम लिहायचं यावरून वाद चाललाय, पायांचा मिटला तेव्हा हा सुरू झाला.

त्यासाठी तिसरं संमतीपत्र लागतं. ते पोस्टानं पाठवत नाही, गुरुवारी घेऊन येतो. चार दिवस राहीन, चालणार असेल तर. त्यातली छापील ओळ मी खोडून घेतली आणि हातानं लिहिलं: 'पाचव्या भागातली कुजबुज माझी आहे.' एवढंच आहे आणि तेवढं खरं आहे.

आत्याला मी काही कळवलेलं नाही. फितीची नक्कल माझ्याजवळ असेल. तिला खुर्चीत बसवून ऐकवायची, आणि ती विचारेल तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं.

राग शिल्लक असेल तर गुरुवारी समोरासमोर संपवू, लोभ मागे ठेवा.

तुमचा,
भिंगऱ्या