हार घातलेली पट्टी

नंदुरबार,
दसऱ्याच्या आदल्या दिवशी

प्रिय आबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही काय वेळ? घरात दसऱ्याचं धुणं पडलंय, वहिनी अंगणात एकटी गोधड्या आपटतेय, आणि मी तुमच्या हत्यारांच्या पेटीवर बसून कागद पुढ्यात घेतलाय. पण सकाळी वखारीत जे पाहून आले ते कुणाला सांगितलं नाही तर मला ओकारी होईल. रघूला सांगून उपयोग नाही, माझा भाऊ असला तरी तो त्यातलाच. शेठला सांगितलं तर तो हात जोडतो. राहिलात तुम्ही. गेलात म्हणून काय झालं? ऐका!

तुम्ही देव झालात, आबा. स्टेशनाजवळच्या त्या लाकडाच्या वखारीत, तेलाच्या इंजिनामागच्या भिंतीवर, तुम्हाला खिळ्याला टांगलंय. फोटो तर तुम्ही जन्मात काढू दिला नाहीत. मग टांगायचं काय? तुमची पट्टी टांगली! मागच्या दसऱ्याला तुम्ही गोल करवतीच्या तोंडात, म्हणजे टेबलातून पातं वर येतं त्या खाचेत, बसवलेली, शिसवीची, हातभर लांब पट्टी. त्यानंतर आठवडा होतो न होतो तोच तुम्ही गेलात. पट्टीवर पूजेचं कुंकू तसंच होतं. "मिस्त्रींची शेवटची पूजा," असं कुणीतरी म्हणालं, शेठचे डोळे भरून आले आणि त्यानं ती मशीनमधून काढून भिंतीवर चढवली.

आता तिची दशा ऐका. वर्षभराचे हार एकावर एक, खालचे कुजून काळे पडलेले. तूप आणि कुंकवाचा चिकट लगदा, त्यावर भुस्सा बसलेला, त्यावर माशा. एक कोपरा उंदरांनी कुरतडलाय. खाली आंबलेल्या नारळाचा वास. आणि शेठ तिथंच उदबत्ती ओवाळतो, वळतो आणि कोपऱ्यात तंबाखूची पिंक टाकतो! शी! मला एवढी शिसारी आली की नाकाला पदर लावूनच उभी राहिले. शेठला वाटलं, मी रडतेय.

"बेन, ए तो अमारा मिस्त्रीनी निशानी छे," तो म्हणाला. उद्या पूजेला मुलगी म्हणून मीच पहिला हार घालायचा, असंही सांगितलं.

निशाणी कसली डोंबलाची? गिऱ्हाईक आलं की तो त्याला आधी भिंतीपाशी नेतो. आमचे मिस्त्री असे, आमचे मिस्त्री तसे, त्यांच्या हाताखालची माणसं अजून इथंच आहेत, घ्या डोळे मिटून माल. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी आज उघड्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही होतात तेव्हा यानं तुम्हाला बसायला कधी स्टूल तरी दिलं होतं का?

आणि करवतीच्या तोंडात आता काय बसवलंय, माहीत आहे? सुरतेहून विकत आणलेली लोखंडी पट्टी! नक्षीबिक्षी आहे तिच्यावर. कुठलीही करवत लावा, चालतेच, असं शेठ कौतुकानं सांगतो. चालणारच की! फट केवढी ठेवलीय, माझा अंगठा जाईल एवढी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तुमचं सगळं त्या फटीवर होतं. लहानपणी मी तुमची भाकर घेऊन यायची तेव्हा तुम्ही मला तेच दाखवायचात. करवत आणि पट्टी यांच्यात कागदसुद्धा जायला नको. लाकडाला अगदी कापाच्या कडेपर्यंत खालून टेकू मिळाला की खालची कड फाटत नाही, आणि बारीक चिलपी आत पडून पात्याला अडकत नाही. "तोंड मोठं व्हयनं का करवत बोटंबी खाई टाकी," असं म्हणायचात. मी हात फ्रॉकमागे लपवायची आणि तुम्ही हसायचात.

दसऱ्याला पूजा झाली की नवी पट्टी. तिला आधी फट नसायचीच. टेबल वर उचलून करवत खाली लपवायची, कोरी पट्टी खाचेत घट्ट बसवायची, आणि मग मला हाक यायची, "यमू, नख फिराव!" माझं नख लहान, म्हणून ते काम माझं. टेबलावरून पट्टीवर, पट्टीवरून टेबलावर. नख अडलं की तुम्ही ती काढून पुन्हा रंधा मारायचात. मग पट्टी उसळू नये म्हणून वरून जाड वासा पाचरींनी आवळून इंजिन सुरू करायचं आणि चाक फिरवत टेबल हळूहळू खाली आणायचं. करवत आपल्यापुरती वाट आपणच पाडून वर यायची. तिच्या जाडीएवढीच, तसूभर जास्त नाही.

आणि जुनी पट्टी? ती तुम्ही बगलेत मारून घरी आणायचात आणि आईच्या चुलीपुढे टाकायचात. एकदा मी तिच्यासाठी रडले, बाहुलीचा पलंग करायचा होता मला. तेव्हा काय म्हणालात, आठवतं? "घसाई गयं का चुल्हामा घाल. लाकूडले काय रडनं?"

हे सगळं रघूलाही ठाऊक आहे ना? मग तो गप्प का? पावसाळ्यात त्या लोखंडी फटीत चिलपी अडकली, फळी उसळून मागे आली आणि त्याच्या उजव्या हातावर बसली. अंगठ्याचं नख गेलं, तळवा फाटला. मला पत्रात काय कळवलं? पाट पडला म्हणून! आज पाहिलं तर अजून चिंधी बांधलेली. आणि त्याच चिंधी बांधलेल्या हातानं तो तुमच्या पट्टीला नमस्कार करत होता. त्या क्षणी मला शेठपेक्षा माझ्या भावाची जास्त किळस आली. लिहू नये, पण आली.

लढाईमुळे खोक्यांच्या फळ्यांचं काम ढीगभर आलंय. दिवसभर करवत थांबत नाही. पुढच्या वेळी नखावर भागेल का? मी आल्यापासून वहिनी मला तेच सांगतेय, "ताई, तुम्ही सांगा त्यास्ले. मन्हं तर आयकतस नही."

मी सांगितलं. तर हा मान खाली घालून म्हणतो, "ताई, मन्ही पट्टी आबानी जागावर कशी बसाडू?"

आबा, यात तुमचाही वाटा आहे, रागावू नका. रघूनं मिसरूड फुटल्यावर पहिली पट्टी केली होती. तुम्ही ती हातात घेतलीत, "शी!" म्हणालात आणि भुश्श्यात भिरकावलीत. मला शिसारी यायची खोड तुमच्याकडूनच आलीय. पण मला ती सोसते, त्याला नाही सोसली. निदान का वाईट आहे ते तरी सांगायचं होतंत! एवढं मोठं कशाला व्हायचं माणसानं, की मागे राहिलेल्याला त्याच्या जागी साधी फळी ठेवायची भीती वाटावी?

वहिनी हाका मारतेय. उठते.

*

दसरा, संध्याकाळ

पत्र अर्धंच राहिलं होतं. आता लिहिते, हाताला पुरणाचा वास आहे तो कागदाला लागेल.

काल उठले ती स्वयंपाकघर धुवायला. मिठाची बरणी ठेवायला वहिनीनं भिंतीला एक फळी लावलीय. बरणी उचलली आणि हात थबकला. मिठाच्या बरणीखाली कुणी एवढी तासलेली, मेण घासलेली, अंजनाच्या लाकडाची फळी ठेवतं का? तुमच्या पट्टीसारखीच हातभर लांब, दोन्ही टोकं गोल. मी वहिनीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "त्यास्नी बनाडेल शे. कोणले सांगू नका म्हने."

वहिनी म्हणते, हाताला लागलं त्याच्या आधीच केली होती, आबा! आधीच! आणि भिंतीवरच्या देवाला राग येईल म्हणून मिठाखाली लपवली. मी तिथंच खाली बसले. रागावू की रडू ते कळेना.

आज सकाळी ती फळी पदराखाली घेऊन वखारीत गेले. पूजा झाली. शेठनं झेंडूचा ताजा हार माझ्या हातात दिला. मी तो इंजिनाला घातला. मग भिंतीवरची पट्टी खिळ्यावरून काढली, कुजके हार बाहेर फेकले आणि लुगड्याच्या पदरानं लगदा पुसायला लागले.

"अरे बेन, पाप लागशे!" शेठ ओरडला.

"पाप मन्हा माथे," मी म्हणाले. "तुम्ही इंजिन तयार ठेवा."

पुसल्यावर खाली काय निघालं? वर्षभर कुजून झिजलेली पट्टी. फटीची कड एका बाजूला उंदरांनी खाल्लेली. तुम्ही आज पाहिली असतीत तर तुम्हीच ती काढून टाकली असतीत. मी ती रघूपुढे धरली आणि म्हणाले, "देख. घसाई गयं का चुल्हामा घाल, कोण म्हने?" मग मी दुसऱ्या हातानं अंजनाची फळी पुढे केली.

त्यानं आधी मिठाचे खडे पुसले. नक्षीची लोखंडी पट्टी उपटली, टेबल वर घेतलं, आपली पट्टी खाचेत बसवली, आणि किती वर्षांनी हाक आली, आबा! "ताई, नख फिराव."

अडलं. एका कोपऱ्यावर, उगीच जरासं. मला वाटलं, सोडून द्यावं, पोराचा हात जखमी आहे, सगळे बघताहेत. पण तुमची लेक आहे ना मी! "अडस," मी म्हणाले. रघूचं तोंड उतरलं. मी लगेच कुठं अडतंय त्या जागेवर बोट ठेवलं, एवढंच तुमच्याहून वेगळं केलं. त्यानं काढली, रंधा मारला, पुन्हा बसवली. नख सरळ गेलं.

वासा आवळला. इंजिन धडधडलं. चिंधी बांधलेल्या हातानं तो चाक फिरवत होता, आणि मला तोंडात पदर कोंबून उभं राहावं लागलं. करवत वर आली, आबा. आपल्यापुरतीच. पहिली सागवानी फळी कापून रघूनं उलटी केली, तर खालची कड साफ, एक तूसही नाही. शेठनं बोट फिरवून पाहिलं आणि ही पट्टी पुढच्या वर्षी भिंतीवर लावू, असं म्हणाला! माणसाला काही शिकवता येत नाही, हेच खरं. रघूनं मात्र पहिल्यांदा त्याच्याकडे तुमच्यासारखं पाहिलं. "शी, शेठ," म्हणाला.

तुमची पट्टी मी बगलेत मारून घरी आणली. वहिनीनं पुरणपोळ्यांसाठी चुलीवर खापर तापत ठेवलं होतं, मी ती खाली सारली. कुंकवातुपानं आधी घाण धूर केला, मग शिसव शिसवीसारखी जळली. धूर डोळ्यांत गेला म्हणून मी रडले, असं वहिनीला सांगितलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तुमच्यासाठी रडले. त्या विस्तवावरची पहिली पुरणपोळी रघूनं उभ्यानंच खाल्ली, डाव्या हातानं.

आता वचन देते. सासरचं काहीही असो, दर दसऱ्याला मी नख फिरवायला येईन. अडलं तर अडलं म्हणेन, आणि कुठं ते दाखवीन. जुनी पट्टी चुलीत जाईल. त्या भिंतीवर पुन्हा काही टांगू देणार नाही. तुमचा खिळासुद्धा मी उपटून आणलाय. स्वयंपाकघरात मिठाची बरणी ठेवायला आता दुसरी फळी ठोकायचीय ना!

तुमची,
यमू