भिंतीवरचा माझा फोटो आणि सीगल कॅमेरा

मी, ये यिनझू, दिवंगत मेई शिगन यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार शीकौ, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कोणी सांगितले नाही, कोणी भीती घातली नाही. गाठ छातीत आहे, डोके ठिकाणावर आहे. उद्या सकाळी मुलगी मला ऑपरेशनसाठी हांगझौला नेणार आहे. परत येशील असे ती म्हणते. डॉक्टर तसे काही म्हणाला नाही. म्हणून आजच लिहिते.

शाळेत मी फार गेले नाही. फोटोचे कागद ज्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून येत, त्यांवरच मी वाचायला शिकले. अक्षराला हसू नये.

१. घर, मागची चहातेलाची झाडे, ज्यांच्या बियांचे तेल काढतो ती, आणि बँकेत जे असेल ते, सगळे माझी एकुलती मुलगी मेई छिंग हिचे. घर विकायचे तर विक. मला वाईट वाटेल असे समजू नकोस. हल्ली मला फारसे काही वाटत नाही.

२. जिन्याखालच्या डार्करूममधला लाल दिवा, फोटो मोठे करायचे यंत्र आणि फोटो धुवायची तीन पसरट भांडी कॅमेऱ्याबरोबर जातील. शेजारणीने त्या भांड्यांत मोहरीच्या पाल्याचे लोणचे घालायचे म्हणून दोनदा विचारले आहे. देऊ नये. त्यांत औषधांचे विष मुरले आहे.

३. कॅमेरा. याबद्दल जास्त लिहावे लागेल.

तो शांघायचा सीगल आहे. आमच्या लग्नानंतर सगळे टीव्ही घेत होते, तेव्हा यांनी कॅमेरा घेतला. माझी आई म्हणाली, "जावयाने लोखंड आणलंय, संध्याकाळी त्याच्याकडेच बघत बसा." परदेशी कॅमेऱ्यांपुढे तो स्वस्त होता आणि जड होता. त्याला बॅटरी लागत नाही, उजेड तो मोजत नाही. हे आभाळाकडे बघायचे आणि चकती फिरवायचे. खटका दाबला की आतला आरसा वर जातो आणि बघणाऱ्याला क्षणभर काळोख दिसतो. हे म्हणायचे, "फोटो निघतो तेव्हा नेमका मीच आंधळा असतो."

डोंगरातल्या गावांत म्हातारी माणसे आपला मरणानंतर भिंतीवर लावायचा फोटो आधीच काढून कपाटामागे ठेवतात. यांचे मुख्य काम तेच. धाकटे दीर शुईगन मागचा निळा पडदा घेऊन बरोबर जायचे. शांगकेंग गावात एकच चांगला कोट होता. एकाचा फोटो झाला की तो दुसऱ्याच्या अंगावर चढायचा.

त्या गावी शुईगन भावजींनी घाईत फिल्म भरली आणि तिचे टोक रिळात अडकलेच नाही. अडकले असले की फिल्म पुढे सरकवताना कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूची कळ आपोआप फिरते. ती कोणी पाहिली नाही. दिवसभर म्हातारी माणसे एकामागून एक कोट घालून बसली, खटका वाजत राहिला, आणि फिल्म धुतल्यावर पाण्यासारखी कोरी निघाली. हे पुन्हा चालत गेले, तोवर त्यांतली लान आजी वारली होती. घरच्यांनी चूल सारवून, फोटोसाठी भिंत मोकळी करून ठेवली होती.

"म्हातारी सगळी सारखीच दिसतात दादा," भावजी म्हणाले. "तिच्या बहिणीचा देऊन टाकू. कोणाला कळतंय?"

हे म्हणाले, "लान आजीला कळेल."

त्यानंतर यांनी भावजींच्या हातात कॅमेरा दिला नाही. भावजींनी तालुक्याला कॉम्प्युटरचा स्टुडिओ काढला. दोघे भाऊ लग्नाकार्यात एका टेबलावर बसायचे आणि माशाची ताटली एकमेकांकडे सरकवायचे. बोलायचे नाहीत.

सहा वर्षांपूर्वी हे भाताच्या ताटावरच गेले. दुसऱ्यांचे फोटो काढले, स्वतःचा काढायचा राहिला. भावजींनी ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला, सुरकुत्या पुसल्या, ओठ गुलाबी केले, अंगावर सूट चढवला आणि गळ्यात टाय बांधला. पैसे घेतले नाहीत. छिंग म्हणाली, "आई, बाबा किती छान दिसतायत." मी सहा वर्षे एका बँक मॅनेजरपुढे उदबत्ती लावते आहे.

म्हणून माझी इच्छा अशी: माझा फोटो याच कॅमेऱ्याचा, फिल्मवरचा असावा. काही पुसू नये, काही चढवू नये. मोत्यांची माळ नको. हा कॅमेरा चालवता येणारे आता एकच माणूस उरले आहे. मी त्यांना निरोप धाडला. ते आज सकाळी आले.

कॅमेरा त्यांनी टेबलावरून उचललाच नाही.

"वहिनी, मोबाईलवर काढतो की. दहा काढू, चांगला ठेवू."

"मोबाईलचा नको."

"पुन्हा कोरी निघाली तर?"

"निघाली तर पुन्हा काढा. मी अजून आहे."

"उद्या तर जाताय."

"आज आहे ना."

तेही आता सदुसष्टचे आहेत. फिल्म भरायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे कळ धरली. "बघा हं. फिरतेय?"

मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि फोटोसाठी मी चष्मा काढून ठेवला होता. मी म्हटले, "तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी पाहिले. काय दिसले ते सांगितले नाही. मी दारातल्या बाकावर रोजच्या जाकिटात बसले.

"वहिनी, जरा बरं तोंड करा."

"हेच आहे."

खटका वाजला. पुन्हा वाजला. मग ते बाकावर माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "दादा असते तर मला हात लावू दिला नसता." मी म्हटले, "नसताच दिला." मी चहा केला. त्यांनी प्यायला.

फिल्म धुवायची औषधे शहरातून यायची आहेत. ती पुढच्या आठवड्यात येतील. तेव्हा मी इथे असेन की नाही, ठाऊक नाही. फिल्म कॅमेऱ्यातच आहे, मागचे झाकण कोणी उघडू नये.

तरी मी असे ठरवते: कॅमेरा, त्याचे चामडी पाकीट, लाल दिवा, यंत्र आणि भांडी माझे दीर मेई शुईगन यांना द्यावीत. फिल्मवर मी निघाले तर तो फोटो भिंतीवर लावावा. टायवाला शेजारी राहू द्या, यांचा दुसरा फोटो नाही. छिंगने मुलांना सांगावे की आजोबा असे दिसत नव्हते.

फिल्म कोरी निघाली आणि मी नसेन, तर माझी जागा मोकळी ठेवावी. कॅमेरा तरीही शुईगन भावजींचाच. त्यांना कोणी एक शब्द बोलू नये.

याआधी मी काही लिहिलेले नाही. यानंतर लिहीन असे वाटत नाही.

ये यिनझू (सही व अंगठा)

आमच्यासमोर लिहिले, आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातले काही मिळणार नाही:
लेई च्यूफांग, शेजारीण (भांडी मागणारी तीच)
लान वेनबिंग, निवृत्त शिक्षक

शीकौ, लिशुई, झेजियांग
१४ नोव्हेंबर २०२३