पायाळूची टाच

आई, दुखतोय माझा हात आणि ती दवाखान्यातली पोरगी धरून बसली मानेला. मी म्हटलं, बाई, करंगळीत मुंग्या येतात, म्हशीची धार काढताना बोटं वळतात, तू वर काय चाचपतीस? सुई न्हाय, गोळी न्हाय, नुसता पलंग आणि भिंतीवर हाडांचं चित्र. मला आत पाय टाकल्यापासनंच संशय होता.

तिनं स्टुलावर बसवलं, मान डावीकडं वळवली आणि म्हणाली, "आता कान छातीकडं न्या." न्हाय गेला. आतनं कडी घातल्यागत मान अडली. दुसऱ्या अंगाला मात्र सरळ गेली. मग मला उताणं निजवून गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात बोटं ठेवली. "काकू, श्वास सोडा." मी सोडला तशी ती हळू दाबत गेली, आधी डावीकडं, मग उजवीकडं. "डावी बरगडी दबतीय. उजवी हलतच न्हाय."

"बरगडी तिथं कुठली? ती खाली असती की."

"पहिली तिथंच असती, काकू. हाताच्या शिरा तिच्यावरनंच जातात."

ती जागा माझ्या टाचेला ठाऊक हाय, आई.

मी पायाळू, पायाकडनं जन्मले, हे गडमुडशिंगीभर तूच सांगितलंस. कुणाच्या कमरेत उसण भरली की माणूस आपल्या दारात पालथा पडायचा आणि मी पाठीला पाय लावायची. तिसरी पोर म्हणून तुझी सासू माझ्याकडं बघत नव्हती, तीच पुढं म्हणायला लागली, "बसा पावणं, आमची पायाळू येऊ दे शाळेतनं." मग पावण्यांना थांबवायचं कशाला म्हणून मलाच शाळेतनं उठवून आणायचे. तिसरीनंतर कुणी परत पाठवलंच न्हाय.

पण तुझं निराळं. तू चुलीपुढं घोंगड्यावर उताणी पडायचीस, मला उशाला पाटावर बसवायचीस आणि माझी टाच धरून बरोबर त्या खळग्यात ठेवायचीस. "जोर नको. मी श्वास सोडला की मग टेक." दवाखान्यातली पोरगी चार वर्षं शिकून तेच सांगतीय. तुला कुणी सांगितलं होतं?

मावशीला विचारलं, तर ती हसली. "तू कसली गं पायाळू? डोक्याकडनंच आलीस. मी होते की तुझ्या आईच्या उशाला." आता ती म्हातारी झालीय, विसरली असंल. न्हायतर तू खोटं बोललीस. सासूपुढं माझी किंमत वाढावी म्हणून, का घरात खांदा दाबायला कुणीतरी पाहिजे म्हणून? जागा धरून टेकायचं एवढंच असंल, तर कुणाचीबी टाच चालली असती. मग माझी शाळा कशापायी गेली?

हा कागद कुठं टाकायचा ते ठाऊक न्हाय, म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवतेय. हात जरा हलका झालाय. ते अजून त्या पोरीला सांगितलेलं न्हाय.

रविवारी शेजारीण उसण काढायला येणार हाय. अंगणात पालथी पडंल आणि माझ्या पायाची वाट बघंल. मी पायाळू हाय का न्हाय ते त्याच्या आत सांग. माझ्या स्वप्नात ये, न्हायतर मावशीच्या जा, पण शनिवार रात्रीपर्यंत मला उत्तर पाहिजे.