आईचा अडलेला श्वास

मंगळवार, ८ जानेवारी १९५७

रविवारी लिहिलं ते चूक. ‘आई घोरते, म्हणजे तिला गाढ झोप लागते’ – तसं नाही. आज दुपारी जेवून ती अंगणात उन्हात आडवी झाली. मी जवळच तांदूळ निवडत होते. घोरणं एकदम थांबलं. छाती हलेना. मी खांदा हलवला, तेव्हा केवढा तरी श्वास ओढून दचकून उठली. “काऊन हालवतेस वो? आत्ताच तं डोळा लागला.” पुन्हा निजली. पुन्हा तसंच.

बुधवार, ९

शेजारच्या शकूआत्याला, बाबांच्या बहिणीला, सांगितलं. “पाळी गेली का बाई अशीच सुस्तावते. मी रोज मोहाच्या दारूचा घोट देऊन राह्यली, मनून तं झोपते. डरकाळी ओसरीवर तुह्या बापाले आयकू येते मने.” आणि हसली.

घोट घेतला की श्वास जास्त अडतो, असं मला वाटतं. खात्री नाही.

शनिवार, १२

आईला गोंडपिपरीच्या दवाखान्यात नेलं. पाळी जाणं, अंगातून निघणाऱ्या वाफा, थंडीतला घाम – सगळं मीच बोलले. आई पदर तोंडाशी धरून बसली. डॉक्टर हसले नाहीत. “माझ्याकडे यावर औषध नाही. दारू बंद. कुशीवर निजवा. जवळ कोणीतरी निजायला हवं, श्वास अडला की हलवायला.” एवढंच. तरी त्यांचे फार उपकार वाटले.

बैलगाडीत आई म्हणाली, “बरं झालं तुले शिकवलं. मले तं तोंडच उघडता नसतं आलं.”

मंगळवार, १५

जुन्या लुगड्याची गुंडाळी तिच्या पाठीला बांधते, म्हणजे उताणी होत नाही. काल संक्रांतीच्या हळदीकुंकवात आई पेंगली नाही. रंभाकाकूची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. देवा, किती दिवसांनी!

शुक्रवार, १८

ब्रह्मपुरीच्या मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं. आई गावभर सांगत सुटली. पण तिच्याजवळ निजते ती मीच. आता कोण?

मी बाबांचं नाव काढलं. शकूआत्या म्हणाली, “पाळी गेलेली बाई नवऱ्यापाशी निजते का? लोकं हासतीन.” बाबा ऐकत होते. विडी विझवून उठून गेले.

शनिवार, १९

सकाळी बाबा गोठ्यात हळूच म्हणाले, “हालवाचं मंजे कसं? खांद्याले धरून?”

उद्या, रविवारी, वीस तारखेला, दिवसाउजेडी, शकूआत्यादेखत, बाबांची बाज ओसरीवरून आत नेते.