खिडकीला बोटीचा रंग

४ ऑक्टोबर
मी बोलते, सून लोरेटा लिहिते. मला अक्षर येत नाही. हे फक्त माझ्यासाठी. लिहून झालं की तिनं विसरायचं.
संकल्प: माझ्या म्हाताऱ्याच्या, लिअँडरच्या खोलीतली वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी मी स्वतः दुरुस्त करणार. कैक वर्षं उघडलेली नाही. लिअँडर म्हणतो, बंदराचा वास तरी येऊ दे गं. डॉक्टर म्हणतो, त्यानं बर्फ पडेपर्यंत दिवस काढले तरी पुष्कळ. डॉक्टर अजून पोरसवदा आहे. बाकीच्या खिडक्या उन्हाळ्यात लिअँडरच करेल.

७ ऑक्टोबर, सकाळ
जुना रंग खरवडला. लोरेटाच्या हट्टानं नाकाला फडकं बांधलं. लिअँडर पलंगावरून म्हणाला, बँक लुटायला निघालीस का? हसता हसता ढास लागली. हसतोय, म्हणजे सुधारतोय.

९ ऑक्टोबर
चौकटीच्या पोटात लोखंडी वजनं असतात, दोरीनं खिडकीला बांधलेली. म्हणून उचललेली खिडकी वर टिकते. दोऱ्या कुजल्या होत्या. जाळ्याची दोरी घेतली. लिअँडरनं पडल्या पडल्या एक गाठ मारली आणि झोपला. दुसरी मी मारली. उठल्यावर सांगितलं, दोन्ही तूच मारल्यास. खूश.

१२ ऑक्टोबर
उघडली! लिअँडर म्हणाला, कोणाचे तरी मासे सडलेत. तरी डोळे मिटून वास घेत राहिला.

१६ ऑक्टोबर
रंग. आमच्या बोटीचा उरलेला हिरवा. शेजारचा सायलस कुंपणावरून ओरडला, मावशी, घर समुद्रात सोडताय का? म्हटलं, तुझ्या बोटीपेक्षा बरं तरंगेल. म्हणाला, नीट वाळेपर्यंत उघडीच ठेवा, हा रंग लाकडाला लाकूड चिकटवतो. मला शिकवतोय! जन्मभर बोट मी रंगवली.

त्याच दिवशी, दुपार
वारा सुटला. लिअँडर कुडकुडत होता. खिडकी खाली ओढली. रंग वाळलाच होता. जवळजवळ.

१८ ऑक्टोबर
खिडकी चिकटलेली नाही. बसली आहे. फरक असतो. लोरेटा हसली. म्हटलं, तू हसलीस हेही लिही.

२४ ऑक्टोबर
लिअँडरनं सूप चमचाभर घेतलं. भूक राखून ठेवतोय. लोरेटा म्हणाली, डेल्बर्टला बोलावून घेऊ? म्हटलं, तुझ्या नवऱ्याला सेंट जॉन्स शहरात कामं आहेत. तरी तिनं फोन केला.
खिडकी रविवारी नक्की.

२९ ऑक्टोबर, रविवार
काल डेल्बर्ट आला. खिडकीला वेळ झाला नाही. लिअँडरनं माझा हात धरला होता. सोडवला असता, पण कशाला.

४ नोव्हेंबर
पहाटे लिअँडर गेला.
आमच्यात माणूस गेला की लगेच खिडकी उघडतात, त्याला बाहेर पडता यावं म्हणून. मी जोर लावला. लोरेटानं लावला. हलेना. ती म्हणाली, आई, दार उघडू का? म्हटलं, दारातून पाहुणे जातात.
डेल्बर्ट चाकू घेऊन आला. म्हणाला, कडेचा रंग कापतो, लगेच सुटेल. म्हटलं, राहू दे, रंग ओला आहे. त्यानं बोट फिरवून दाखवलं. कोरडं. म्हटलं, ओला आहे.
तो माझ्याशेजारी बसला. मग हळूच म्हणाला, आई, किती वेळ अडवून ठेवणार बाबांना?
मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही. त्यानं कापायला घेतलं.
खिडकी वर गेली. गार वारा आत आला. मी उठले आणि लिअँडरच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं.